उत्तर युरोपातील कक्षसंगीताचे जलसे आणि वादकांचे नेतृत्व

संगीताच्या इतिहासात रचनाकारांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात आणि त्यांच्या कृती लोकांपुढे आणणाऱ्या वादकांची नावे बहुधा तळटीपेत जातात. ही विभागणी अभ्यासाच्या दृष्टीने सोयीची असली, तरी ती सर्वत्र खरी ठरत नाही. विशेषतः जेथे एखाद्या प्रदेशाचे संगीत स्वतःची ओळख प्रस्थापित करू पाहत असते, तेथे कोणती कृती कोणत्या कृतीच्या शेजारी वाजवावी, हे ठरविणारा वादक हाच त्या परंपरेचा संपादक होतो. उत्तर युरोपातील, म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांतील संगीताचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्याला आज ‘नॉर्डिक संगीत’ असे संबोधिले जाते, त्याची कल्पना रचनाकारांच्या लेखणीतून जितकी उतरली, तितकीच ती वादकांनी चालविलेल्या छोट्या जलशांच्या मालिकांतून घडत गेली. ही घडण कशी झाली, तीतून काय साधले आणि कोणते धोके उद्भवले, याचे विवरण येथे करावयाचे आहे.

प्रथम ‘कक्षसंगीत’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. युरोपात ज्यास चेंबर म्यूझिक म्हणतात, ते मूळचे दिवाणखान्यातील संगीत होय. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांचे तंतुवाद्यचतुष्क हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. परंतु पियानोसह त्रिक, फुंकवाद्यांचे पंचक, तंतुवाद्यांचे अष्टक, तसेच पियानो आणि व्हायोलिन यांचा सोनाटा हेही त्यातच मोडतात. मोठ्या वाद्यवृंदात एकच सुरावट अनेक वादक मिळून वाजवितात आणि सर्वांवर संचालकाचे नियंत्रण असते. कक्षसंगीतात प्रत्येक सुरावटीला एकच वादक असतो आणि संचालक मुळीच नसतो. भारतीय मैफलीत एक मुख्य कलावंत आणि इतर साथीदार अशी रचना असते. कक्षसंगीतात मात्र केवळ साथीदार म्हणावा असा कोणी नसतो. साऱ्यांची जबाबदारी सारखी असल्यामुळे तालमीत वाद होतात, मते दिली जातात आणि निर्णय एकत्र घेतले जातात. त्यामुळे या प्रकारात नेतृत्व करणे म्हणजे हुकूम देणे नव्हे, तर निवड करणे आणि ती निवड सहकाऱ्यांना पटवून देणे होय.

या प्रकाराचे आणखी एक व्यावहारिक वैशिष्ट्य आहे. वाद्यवृंद पोसण्यास राजाश्रय, नगरपालिकेचे अनुदान किंवा श्रीमंत मंडळींचा पाठिंबा लागतो. चौघा वादकांस एक खोली, चार खुर्च्या आणि काही आठवड्यांची तालीम पुरते. ज्या देशांची लोकसंख्या थोडी आणि संगीतसंस्था कमी, तेथील तरुण रचनाकारांना व वादकांना हे साधन सर्वांत जवळचे होते.

बाहेरून मिळालेले नाव

‘उत्तरेचा स्वर’ ही कल्पना प्रथम उत्तरेत रूढ झाली नाही. ती जर्मनीत, लाइपझिग येथे नावारूपास आली. डॅनिश रचनाकार नील्स गेडे (१८१७–१८९०) याच्या ‘ओसियनचे प्रतिध्वनी’ या कृतीस १८४० साली कोपनहेगनच्या संगीतमंडळाचे पारितोषिक मिळाले. पुढे त्याची पहिली सिंफनी कोपनहेगनात नाकारली गेली. तेव्हा त्याने ती लाइपझिगला मेंडेल्सझोनकडे पाठविली आणि १८४३ मध्ये मेंडेल्सझोनने स्वतः तिचे संचालन करून ती तेथे सादर केली. रोबेर्ट शूमान याने १८४४ साली गेडेवर लेख लिहिला. गेडेच्या नावातील जी, डी, ए आणि ई ही अक्षरे म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांचीच नावे होत, ही गमतीची गोष्ट त्यात त्याने नोंदविली. त्याच लेखात त्याने उत्तरेच्या वेगळ्या वळणाचे स्वागत केले आणि कलावंताने आपल्या राष्ट्रीयत्वात बुडून जाऊ नये, असा इशाराही दिला.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. गेडेच्या ज्या कृतीत जर्मन श्रोत्यांना उत्तरेचे धुके आणि समुद्र दिसले, त्या कृतीचा आधार ओसियनची काव्ये हा होता. आणि ती काव्ये अठराव्या शतकात मॅकफर्सन या स्कॉटिश लेखकाने प्रसिद्ध केलेली होती. म्हणजे डेन्मार्कच्या संगीताला ‘नॉर्डिक’ ही ओळख एका स्कॉटिश दंतकथेच्या मध्यस्थीने मिळाली. ही ओळख स्वरांतून आपोआप प्रकट झाली नव्हती. ऐकणाऱ्याच्या अपेक्षेनेही ती घडविली होती.

१८४८ मध्ये डेन्मार्क व प्रशिया यांच्यात युद्ध पेटल्यावर गेडे मायदेशी परतला. १८५० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, कोपनहेगनच्या संगीतमंडळाची सूत्रे त्याच्या हाती होती. त्याने त्या मंडळाचा दर्जा फार उंचावला. तथापि त्याची अभिरुची लाइपझिगच्या अभिजात परंपरेत मुरलेली होती. तरुण पिढीला याहून निराळे काही हवे होते.

युटर्पे मंडळ आणि १८६६ चा जलसा

नॉर्वेच्या बर्गन शहरी जन्मलेला एद्वार्द ग्रीग (१८४३–१९०७) लाइपझिगचे शिक्षण आटोपून १८६३ मध्ये कोपनहेगनला आला. तेथे त्याची गाठ रिकार्ड नूर्द्रोक (१८४२–१८६६) या तरुण नॉर्वेजियन रचनाकाराशी पडली. नॉर्वेच्या राष्ट्रगीताची चाल याच नूर्द्रोकची होय. नॉर्वेच्या लोकगीतांतूनच नवे संगीत उभे राहिले पाहिजे, हा ध्यास त्याने ग्रीगला लावला. १८६५ साली ग्रीग, नूर्द्रोक आणि हॉर्नमान व माटिसन-हान्सेन हे डॅनिश मित्र यांनी मिळून ‘युटर्पे’ नावाचे मंडळ स्थापिले. उत्तरेतील तरुण रचनाकारांच्या नव्या कृती लोकांपुढे आणणे, हा त्याचा हेतू होता. मंडळ कोणा अधिकाऱ्याने वा आश्रयदात्याने काढलेले नव्हते. ज्यांना स्वतःचे संगीत ऐकवावयाचे होते, त्यांनीच ते काढले होते.

मंडळाचे आयुष्य अल्प ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रीग इटलीला गेला. नूर्द्रोक बर्लिनमध्ये क्षयाने अंथरुणास खिळला होता. ग्रीगने आपल्याकडे यावे म्हणून तो वाट पाहत राहिला. पण ग्रीग गेला नाही. मार्च १८६६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी नूर्द्रोक मरण पावला. ही वार्ता रोममध्ये कळल्यावर ग्रीगने त्याच्या स्मरणार्थ शोकयात्रेचे संगीत रचले. मित्राच्या मृत्यूने आलेली जबाबदारी ग्रीगने पुढे कशी पार पाडली, हे त्याच वर्षीच्या शरद ऋतूत दिसून आले.

१५ ऑक्टोबर १८६६ रोजी ग्रीगने क्रिस्तियानिया येथे, म्हणजे १९२५ पासून ऑस्लो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरी, एक जलसा केला. त्याचा सारा कार्यक्रम केवळ नॉर्वेजियन रचनाकारांच्या कृतींचा होता. हाल्फ्दान शेरुल्फ, नूर्द्रोक आणि स्वतः ग्रीग यांची गीते नीना हागेरुप हिने गायिली. पुढच्याच वर्षी ती ग्रीगची पत्नी झाली. ग्रीगचा एफ मेजरमधील पहिला व्हायोलिन सोनाटा विल्मा नॉर्मन-नेरुदा या विख्यात वादिकेने वाजविला. नॉर्वे त्या वेळी स्वीडनच्या राजसत्तेशी जोडलेले होते आणि हे बंधन १९०५ पर्यंत टिकले. अशा राजधानीत संपूर्ण कार्यक्रम स्वदेशी कृतींचा करणे, ही केवळ कलाविषयक घटना नव्हती.

परंतु या स्वदेशी जलशाची अंतर्गत रचना पाहिली, म्हणजे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. रचनाकाराचे शिक्षण जर्मनीत झाले होते. सोनाटा १८६५ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधील रुंगस्टेड येथे लिहिला होता. गायिका बर्गनजवळ जन्मलेली पण डेन्मार्कात वाढलेली होती. आणि व्हायोलिनवादिका मोरावियातील ब्रनो शहरची असून विवाहाने स्वीडिश झालेली होती. नॉर्वेचे संगीत नॉर्वेच्या लोकांपुढे आणण्यास चार देशांचे साहाय्य लागले. त्यात कोणतेही वैगुण्य नाही. पण शुद्ध, एकजिनसी राष्ट्रीय संगीत ही कल्पना वस्तुस्थितीशी किती कमी जुळते, हे यावरून कळते.

स्वरांतील नॉर्वे

मग त्या सोनाटात नॉर्वेजियन असे काय होते? त्याच्या मधल्या भागात ग्रीगने हार्डांगर फिडल या लोकवाद्याची आठवण जागविली आहे. पश्चिम नॉर्वेतील हे वाद्य व्हायोलिनसारखे दिसते. मात्र गजाने वाजविण्याच्या तारांखाली त्यास चार-पाच तरफा असतात आणि त्या सारंगीच्या तरफांप्रमाणे आपोआप झंकारतात. वादक सहसा एकावेळी दोन तारांवर गज फिरवितो. त्यामुळे सुरावटीखाली एखादा स्वर सतत घुमत राहतो. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमाची सवय असलेल्या कानास हा परिणाम अपरिचित वाटत नाही. परंतु जर्मन स्वरसंवादाच्या शिस्तीत वाढलेल्या श्रोत्यास तो नवा होता, कारण त्या शिस्तीत आधारस्वर सतत बदलणे अपेक्षित असते. नॉर्वेच्या लोकसंगीतात आढळणारा तीव्र मध्यमही ग्रीगच्या कृतींतून वारंवार डोकावतो. शिवाय तारषड्जावरून निषादावर आणि तेथून पंचमावर उतरणारी तीन स्वरांची आकृती त्याच्या नावाशी कायमची निगडित झाली आहे. १८६८ च्या पियानो कॉन्चेर्तोचा आरंभ तिनेच होतो.

ही सामग्री चतुष्कात आणणे मात्र सोपे नव्हते. १८७७–७८ मध्ये हार्डांगर भागातील लोफ्थूस येथे राहून ग्रीगने जी मायनरमधील तंतुवाद्यचतुष्क लिहिले. त्याचे बीज इब्सेनच्या कवितेवर त्याने आधी केलेल्या ‘वादक’ या गीतातील आहे आणि ते साऱ्या कृतीत निरनिराळ्या रूपांनी पुन्हा येते. चारही वाद्यांना त्याने एकावेळी दोन-दोन तारा वाजवावयास लाविल्या. त्यामुळे चौघांचा नाद मोठ्या वृंदासारखा भरदार झाला. पण हे चतुष्क नव्हेच, असा आक्षेपही निघाला. ग्रीगच्या नेहमीच्या प्रकाशकाने सुरुवातीस कृती स्वीकारली नाही. तिची बाजू प्रत्यक्ष वादनाने मांडली ती कोलोनच्या रोबेर्ट हेकमान या व्हायोलिनवादकाने. तांत्रिक तपशिलांबाबत ग्रीगने त्याच्याशी पत्रव्यवहार केला, त्याच्या सूचना विचारात घेतल्या आणि ऑक्टोबर १८७८ मध्ये हेकमानच्या चतुष्काने कोलोन येथे कृतीचे प्रथम वादन केले. ती हेकमानलाच अर्पण केलेली आहे. नॉर्वेच्या डोंगरात लिहिलेली कृती वाजविण्यायोग्य करण्यात एका जर्मन वादकाचा वाटा होता, ही गोष्ट या विषयाच्या गाभ्याशी आहे.

ग्रीगला याची पूर्ण जाणीव होती. १८९८ च्या उन्हाळ्यात बर्गन येथे नॉर्वेजियन संगीताचा मोठा महोत्सव भरविण्यात आला, तेव्हा त्याने ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टखबाउ वाद्यवृंद आणि त्याचा संचालक मेंगेलबेर्ख यांस बोलाविण्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय उत्सवास परदेशी वृंद कशासाठी, असा मोठा वाद झाला. ग्रीगची भूमिका अशी होती, की नॉर्वेच्या कृती उत्तमांत उत्तम रीतीने वाजल्या पाहिजेत. वाजविणाऱ्यांचे राष्ट्रीयत्व हा गौण प्रश्न होय. मालिकेचा कार्यक्रम प्रादेशिक असावा, पण तिचे निकष प्रादेशिक असू नयेत, हे तत्त्व या भूमिकेत अनुस्यूत आहे.

चतुष्काभोवती जमलेले संगीत

ग्रीगचे प्रयत्न प्रसंगोपात्त होते. सातत्य आणले ते स्थायी वादकसंचांनी. स्वीडनमध्ये टोर आउलिन (१८६६–१९१४) या व्हायोलिनवादकाने १८८७ साली आपले चतुष्क उभे केले आणि ते १९१२ पर्यंत चालविले. रचनाकार व पियानोवादक विल्हेल्म स्टेनहामार (१८७१–१९२७) या संचाबरोबर वर्षानुवर्षे दौरे करी. अभिजात कृतींच्या जोडीने उत्तरेतील समकालीन कृती वाजविणे, हा या जलशांचा विशेष होता.

या सहवासाचे फळ स्टेनहामारच्या सहा चतुष्कांत दिसते. पहिले १८९४ चे आणि सहावे १९१६ चे. चतुष्क कसे श्वास घेते, कोणत्या वाद्याला केव्हा विसावा हवा, व्हिओलाचा मंद्र स्वर केव्हा खुलतो, हे पुस्तकांतून शिकता येत नाही; ते रोजच्या सहवादनातून समजते. पाचव्या चतुष्कात त्याने एका जुन्या विनोदी स्वीडिश लोकगीताची चाल घेऊन तिच्यावर निरनिराळे संस्कार केले आहेत. लोकगीत येथे राष्ट्राचा ध्वज म्हणून येत नाही. चौघांच्या संवादाचा विषय म्हणून येते. ग्रीगपासून स्टेनहामारपर्यंत झालेला हा बदल महत्त्वाचा आहे.

स्टेनहामारने १९०७ ते १९२२ या काळात गोथेनबर्गच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले आणि डेन्मार्कचा कार्ल नील्सन व फिनलंडचा यान सिबेलिउस यांस तेथे पाचारण केले. त्याचे चौथे चतुष्क सिबेलिउसला अर्पण केलेले आहे. सिबेलिउसने १९२३ मधील आपली सहावी सिंफनी स्टेनहामारला अर्पिली. याच शहरात एल्फ्रिडा आंड्रे (१८४१–१९२९) ही १८६७ पासून मुख्य चर्चची ऑर्गनवादिका होती. तिने १८९७ पासून कामगार-संस्थेच्या वतीने सामान्य लोकांसाठी जलशांची मालिका चालविली. पियानो आणि तंतुवाद्ये यांचे १८६५ मधील तिचे पंचक ही उत्तरेतील कक्षसंगीताची उल्लेखनीय कृती होय. अशा संबंधांचे जाळे पाहिले, म्हणजे ‘नॉर्डिक’ हा शब्द एखाद्या स्वरगुणापेक्षा परस्परांच्या कृती ऐकण्याची आणि वाजविण्याची सवय दर्शवितो, असे म्हणावेसे वाटते.

वादक कृतीला जन्म कसा देतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण नील्सनच्या फुंकवाद्यपंचकाचे आहे. १९२१ मध्ये त्याने एका पियानोवादक मित्रास दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडे कोपनहेगनच्या फुंकवाद्यपंचकाची मोत्सार्टच्या कृतीची तालीम चालू होती. ती त्याच्या कानी पडली आणि त्याने तिचा पाठपुरावा केला. १९२२ मध्ये फ्ल्यूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या पाच वाद्यांसाठी त्याने त्या पाच वादकांकरिताच पंचक रचले. अखेरच्या भागात त्याने स्वतःच्याच एका भक्तिगीताची चाल घेऊन तिच्यावर विस्तार रचले असून त्यांत प्रत्येक वाद्य आपल्या वादकाच्या स्वभावानुरूप बोलते. पाचही वादकांसाठी स्वतंत्र कॉन्चेर्तो लिहिण्याचा त्याचा संकल्प होता. त्यांपैकी फ्ल्यूटचा १९२६ मध्ये आणि क्लॅरिनेटचा १९२८ मध्ये पुरा झाला. १९३१ साली नील्सन निवर्तला आणि उरलेले तीन तसेच राहिले. या पंचकाच्या उगमाशी डॅनिश लोकगीत किंवा निसर्ग नाही. पाच डॅनिश वादकांनी वाजविलेला मोत्सार्ट आहे.

शब्दाचा विपर्यास

‘नॉर्डिक’ हे विशेषण नेहमीच निरुपद्रवी राहिले नाही. जर्मनीत नाझी राजवटीने त्यास वंशश्रेष्ठत्वाचा अर्थ दिला. या विपर्यासाची झळ आइसलंडचा रचनाकार योन लेफ्स (१८९९–१९६८) याला बसली. तो तरुणपणीच शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि तेथेच स्थायिक झाला. आइसलंडमध्ये ‘त्वीसोंगुर’ नावाची जुनी गायनपद्धती आहे. तीत दोन आवाज पंचमाच्या अंतराने समांतर चालतात. युरोपीय स्वरसंवादाच्या पाठ्यपुस्तकात हाच प्रकार चूक म्हणून शिकविला जातो. लेफ्सने ही पद्धती आणि ‘रीमुर’ या कथागीतांचे विषम ताल यांवर आपले संगीत उभारले.

उत्तरेच्या प्राचीन संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्या राजवटीला असे संगीत प्रिय व्हावे, असे वाटेल. घडले उलटेच. लेफ्सचे कठोर, खडबडीत स्वर त्या राजवटीच्या कल्पनेतील ‘उत्तरे’शी जुळले नाहीत, १९४१ मध्ये बर्लिन येथे त्याचा ऑर्गन कॉन्चेर्तो सादर झाला, तेव्हा श्रोते सभागृह सोडून गेले. त्याची पत्नी, पियानोवादिका आनी रीटहोफ, ज्यू वंशाची होती. भीतीच्या छायेत काढलेल्या वर्षांनंतर १९४४ मध्ये हे कुटुंब स्वीडनला पोहोचू शकले. १९३९ साली लिहिलेल्या त्याच्या पहिल्या चतुष्काचे नाव ‘मृत्यू आणि जीवन’ असे आहे. १९४७ मध्ये त्याची मुलगी लीफ स्वीडनच्या किनाऱ्याजवळ बुडून मरण पावली; त्यानंतरच्या दुसऱ्या चतुष्कास त्याने ‘जीवन आणि मृत्यू’ हे नाव दिले. मुलीच्या नावाचा अर्थच ‘जीवन’ असा आहे. ज्यांनी ‘नॉर्डिक’ हा शब्द घोषणेप्रमाणे वापरला, त्यांना प्रत्यक्ष उत्तरेचे संगीत सोसवले नाही. म्हणून अशा मालिकेचे नेतृत्व करणाऱ्या वादकाने या विशेषणाचा उच्चार सावधपणे करावा, हा धडा इतिहासानेच दिला आहे.

युद्धोत्तर मालिका

उत्तरेतील देशांचे एकत्रित संगीतोत्सव १८८८ पासून, कोपनहेगनच्या औद्योगिक व कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने, सुरू झाले होते. १९४६ मध्ये रचनाकारांच्या राष्ट्रीय संघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली आणि या उत्सवांना संस्थात्मक पाया मिळाला. अशा व्यवस्थेचा लाभ उघड आहे: कोणताही देश वगळला जात नाही. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. प्रतिनिधित्वाच्या न्यायाने एकत्र आलेल्या कृतींत आंतरिक नाते असेलच, असे नाही.

वादकांनी सुरू केलेल्या मालिकांचा मार्ग निराळा आहे. १९७० मध्ये सेप्पो किमानेन या तरुण चेलोवादकाने फिनलंडच्या पूर्व सीमेलगत, अरण्यप्रदेशातील कुहमो या लहानशा गावी कक्षसंगीताचा उत्सव सुरू केला. शाळेचे सभागृह आणि चर्च यांत जलसे होऊ लागले. १९९३ मध्ये तेथे स्वतंत्र कलामंदिर उभे राहिले. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील रीसोर येथे १९९१ पासून भरणाऱ्या उत्सवाचे कलानेतृत्व पियानोवादक लेफ ओवे आन्सनेस आणि व्हिओलावादक लार्स आन्देर्स तोम्तेर यांनी केले. आन्सनेस २०१० पर्यंत त्या जबाबदारीवर होता. सतराव्या शतकातील लाकडी चर्च हे तेथील प्रमुख सभास्थान होय.

हे दोन्ही उत्सव केवळ उत्तरेच्या संगीतापुरते मर्यादित नाहीत. परंतु उत्तरेच्या संगीतासाठी त्यांनी जे केले, ते याच कारणामुळे. ग्रीगचे चतुष्क केवळ नॉर्वेजियन कृतींत वाजले, तर ते नॉर्वेचे प्रतीक म्हणून ऐकले जाते. तेच देबुसीच्या १८९३ मधील चतुष्काशेजारी वाजले, म्हणजे त्याच जी मायनर स्वरपीठाचे, एका बीजातून सारी कृती वाढविण्याच्या त्याच पद्धतीचे नाते कानांना उमगते आणि ग्रीग हा युरोपीय संगीताच्या प्रवाहात एक पाऊल पुढे असलेला रचनाकार ठरतो.

अलीकडच्या काळात डॅनिश तंतुवाद्यचतुष्काने तिसरा मार्ग दाखविला आहे. या संचात तिघे डॅनिश असून चेलोवादक नॉर्वेजियन आहे. २०१४ आणि २०१७ मध्ये त्यांनी उत्तरेतील लोकधुनांच्या स्वतः केलेल्या चतुष्करूपांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. येथे वादक आणि रचनाकार यांतील सीमाच पुसट झाली आहे. खेड्यातल्या लग्नात किंवा नाचात एका फिडलवर वाजणारी धून चौघांत वाटली जाते. आणि हेच वादक बेथोव्हनची अखेरची चतुष्केही त्याच आस्थेने वाजवीत असल्यामुळे धुनेला कृत्रिम ग्रामीणपणा चिकटत नाही.

निवडीचे शास्त्र

अशी मालिका आखणाऱ्यास प्रथम एका विषमतेस तोंड द्यावे लागते. ग्रीगने पुरे केलेले परिपक्व चतुष्क एकच. एफ मेजरमधील दुसऱ्याचे दोनच भाग त्याने पूर्ण केले. व्हायोलिनचे तीन आणि चेलोचा एक सोनाटा ही त्याची आणखी संपत्ती. सिबेलिउसने तारुण्यात कक्षसंगीत विपुल लिहिले, परंतु प्रौढ वयातील प्रमुख चतुष्क १९०९ मधील एकच. नील्सनची चार, स्टेनहामारची सहा. प्रसिद्ध नावांवर विसंबल्यास मालिका थोड्याच जलशांत संपते आणि मग त्याच कृतींची पुनरावृत्ती होत राहते.

यावर उपाय म्हणजे नावांऐवजी नात्यांचा माग काढणे. मेंडेल्सझोनचे १८२५ मधील अष्टक, गेडेचे १८४८ मधील अष्टक आणि योहान स्वेन्सनने लाइपझिगमध्ये विद्यार्थिदशेत लिहिलेले अष्टक यांची एकत्र मांडणी केली, म्हणजे एका वादनप्रकाराचा दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेला प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय अष्टकास दोन चतुष्के एकत्र यावी लागतात. म्हणजे कार्यक्रमाची निवडच दोन संचांना सहकार्यास भाग पाडते.

नात्यांचा माग काढताना विस्मृतीत गेलेली नावेही वर येतात. आमान्दा मायर (१८५३–१८९४) ही स्टॉकहोमच्या संगीतविद्यालयाची संगीतसंचालक ही पदवी मिळविणारी पहिली स्त्री. लाइपझिगमध्ये पुढील शिक्षण घेत असता तिने व्हायोलिन सोनाटा लिहिला. १८८० मध्ये रचनाकार युलिउस राँटगेन याच्याशी विवाह करून ती ॲमस्टरडॅमला गेली; ग्रीग दांपत्य त्यांच्या स्नेहमंडळात होते. १८९१ मध्ये तिने पियानो व तंतुवाद्ये यांचे चतुष्क पूर्ण केले. पण ते दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिले. केवळ ग्रीगचे सोनाटे वाजविणाऱ्या मालिकेत तिला जागा नाही. ग्रीग कोणाच्या घरी जात होता, असा प्रश्न विचारणाऱ्या मालिकेत ती आपोआप येते.

याखेरीज नव्या कृतींचा प्रश्न आहे. नील्सनचे पंचक पाच वादकांच्या तालमीतून निघाले. त्या न्यायाने जी मालिका आजच्या रचनाकारांना पाचारण करीत नाही, ती संग्रहालय होते. डेन्मार्कचा पेर नोरगोर (१९३२–२०२५), फिनलंडची काया सारियाहो (१९५२–२०२३) आणि आइसलंडची आन्ना थोर्वाल्सदोतिर (जन्म १९७७) यांच्या कृतींत लोकधुनांचा शोध घेणे बहुधा निष्फळ ठरते. नोरगोरने एका गणिती पद्धतीने अखंड वाढत जाणारी स्वरमालिका शोधून काढली. सारियाहोच्या १९८७ मधील ‘निंफेआ’ या कृतीत चतुष्काचा नाद विद्युत्साधनांनी रूपांतरित होतो. यांना ‘नॉर्डिक’ म्हणावयाचे, तर ते विशेषण स्वरलक्षणांवरून ठरत नाही, हे मान्य करावे लागते.

सारांश, उत्तरेच्या संगीताची मालिका चालविणाऱ्या वादकावर दुहेरी भार असतो. त्याने प्रदेशाची बाजू घेतली नाही, तर थोड्या लोकांच्या देशांतील संगीत मोठ्या देशांच्या गजबजाटात ऐकूच येत नाही. न वाजविलेली कृती हस्तलिखितात पडून राहते आणि तिला विचारणारे कोणी उरत नाही. उलट, त्याने प्रदेशाभोवती कुंपण घातले, तर संगीत प्रदर्शनातील वस्तू होते आणि क्वचित, लेफ्सच्या काळात घडले तसे, ते भलत्यांच्या हाती सापडते. युटर्पे मंडळापासून आजपर्यंत ज्यांनी हा भार नीट पेलला, त्यांनी उत्तरेच्या कृती अभिमानाने निवडल्या. पण वाजविल्या त्या साऱ्या युरोपच्या कसोटीवर आणि मिळतील त्या उत्तम सहकाऱ्यांसह. ‘नॉर्डिक’ ही संज्ञा त्यांच्या हाती उत्तर म्हणून नव्हे, तर प्रत्येक जलशात नव्याने तपासावयाचा प्रश्न म्हणून राहिली आणि म्हणूनच ती जिवंत राहिली.